एकाच पातेल्यातला काढा

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की एवढं काय घाबरायचं त्यात. दाताच्या डॉक्टरांचं इंजेक्शनसुद्धा मी आईचा हात धरून घ्यायचे, आणि तेव्हा मी कॉलेजात होते. अशा बाईच्या वाट्याला सुयाच सुया याव्यात, हा कुणाचा चावटपणा कोण जाणे. पोटात टोचायच्या आयव्हीएफच्या सुया, दंडातून रक्त काढायच्या सुया, आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी अमेरिकेत, डेट्रॉईटजवळच्या ट्रॉयमधल्या एका स्ट्रिप मॉलमध्ये, नेल सलोन आणि टॅक्सवाल्याच्या ऑफिसच्या मधे, एका चिनी डॉक्टरीणबाईंच्या सुया.

तिथे का गेले ते सांगते. मला एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर नको तिथे, बाहेर वाढतं आणि दर महिन्याला छळतं. नुसतं ‘दुखतं’ म्हटलं की बायका म्हणतात, अगं, आम्हालाही दुखायचं. नाही हो, असं नाही. मी बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून पडून राहायचे, कारण ती गार असायची. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून टेबलाखाली ओणवी बसायचे आणि मधूनच ‘येस, अग्रीड’ म्हणायचे. दोन ऑपरेशनं झाली. पुढे पुढे तर पाळी नसतानाही दुखायला लागलं.

त्यात मूल होईना. आयव्हीएफ केलं, चार गर्भ तयार झाले. तीन वेळा ठेवले, तिन्ही वेळा नाही टिकले. चौथा क्लिनिकच्या फ्रीझरमध्ये होता. क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की पुन्हा अंडी काढण्यात आता अर्थ नाही. म्हणजे उरला तो एवढाच. नवऱ्याने एकदा फोनवर कुणाला तरी ‘लास्ट वन’ म्हटलेलं मी ऐकलं आणि त्याच्या अंगावर धावून गेले. शेवटचा हा शब्द मी घरात उच्चारूच देत नव्हते. आधी दुखणं जरा आटोक्यात येऊ दे, तीन-चार महिन्यांनी ट्रान्सफर करू, म्हणजे तो गर्भ आत ठेवू, असं ठरलं होतं. ते तीन-चार महिने कसे काढायचे, या विचाराने मी कॅलेंडरवर दिवस मोजत बसायचे.

ऑफिसमधल्या एका बाईने या डॉक्टरीणबाईंचं सुचवलं. तिची पाठ त्यांनी बरी केली होती. नवरा म्हणाला, “ट्राय करून बघ ना, सुया तर आहेत नुसत्या.” नुसत्या! हा माणूस आठवड्यातून तीनदा मला इंजेक्शन देताना स्वतः डोळे मिटायचा.

डॉक्टरीणबाई साठीच्या असाव्यात. ठेंगण्या, केस बारीक कापलेले, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर ओढलेल्या. बोलणं मोजकं. त्यांनी आधी माझी जीभ पाहिली, बराच वेळ. मग मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मला एकदम गावाकडच्या वैद्यबुवांची आठवण झाली. तेही असेच नाडी धरून गप्प बसायचे आणि आमच्या तोंडचं पाणी पळायचं. दोन्ही हातांची नाडी झाल्यावर त्यांनी विचारलं, “दुसरं काही घेता? गोळ्या, पावडर, तुमच्याकडची काही औषधं?”

मी क्लिनिकची औषधं सांगितली. त्यांनी ती कागदावर लिहून घेतली आणि म्हणाल्या, “नंतर काही चालू केलं तर मला सांगायचं. क्लिनिकलाही माझ्या औषधाचं सांगायचं.” मी मान हलवली. लगेच हलवली. आपल्याला मान हलवायला काय लागतं!

पहिल्या दिवशी त्यांनी बारा-पंधरा सुया लावल्या. पायाच्या नडगीपाशी, घोट्याच्या वर, ओटीपोटावर, एक भुवयांच्या मधोमध. दुखलं फारसं नाही, पण खोलीतला दिवा मंद करून त्या बाहेर गेल्या आणि माझी बोबडी वळली. हलले तर सुई आत जाईल का? शिंक आली तर? आग लागली तर अशीच, सुयांसकट, पार्किंग लॉटमध्ये पळायचं का? अर्धा तास मी रामरक्षा म्हणत होते आणि मधल्याच एका श्लोकावर अडकून परत पहिल्यापासून सुरू करत होते. शेवटी त्यांनी सुया काढल्या, कागदी पिशव्या हातात दिल्या आणि काढा कसा उकळायचा ते दोनदा सांगितलं.

मार्चच्या शेवटी आई आली. आमच्या कॉलनीत, म्हणजे सबडिव्हिजनमध्ये, कुणाचीही आई सहा महिन्यांसाठी आली की ती बाळंतपणाला आली असंच धरतात. पहिल्याच आठवड्यात तळ्याभोवती फिरायला येणाऱ्या एका काकूंनी तिला विचारलं, “मग, कितवा?” आई म्हणाली, “नाही हो, सहजच आलेय.” घरी आल्यावर तिने बूट काढले, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि काही कारण नसताना सगळे डबे पुसून काढले. त्यानंतर ती तळ्याकडे फिरकली नाही.

त्या पिशव्या मात्र तिला फार आवडल्या. तिने त्या जाहिरातीच्या कागदावर ओतल्या आणि चष्मा लावून एकेक काडी उचलून पाहायला लागली. “अगं, हे तर ज्येष्ठमध! ही दालचिनी, आपल्यापेक्षा जाड आहे. आणि ही खारीक की काय? खारीकच आहे, जरा लालबुंद.” तिचा चेहरा असा खुलला की मला हसू आलं. “म्हणजे आपलंच आहे की सगळं,” ती म्हणाली. त्या दिवसापासून काढा तिच्या ताब्यात गेला. सकाळी उठून ती पातेलं चढवायची, तीन वाट्यांची एक वाटी करायची, गाळायची आणि मी तोंड वेंगाडत पिईपर्यंत समोर उभी राहायची. नंतर गुळाचा खडा द्यायची.

साधारण त्याच सुमारास क्लिनिकने एक फॉर्म भरून मागितला. त्यात सप्लिमेंट्स आणि हर्ब्ज असं लिहून एक चौकोन होता. मी ‘नन’, म्हणजे काही नाही, असं लिहिलं. का लिहिलं? आता विचारलं तर मला अनेक कारणं देता येतील. डॉक्टर हसतील असं वाटलं. ‘हे सगळं बंद करा’ म्हणतील याची भीती वाटली, कारण तोवर मला बरं वाटायला लागलं होतं. आणि खरं म्हणजे झाडपाला हे औषध आहे असं आम्हा लोकांना कधी वाटलेलंच नाही. गोळी म्हणजे औषध. काढा म्हणजे घरचं.

बरं वाटायला लागलं होतं, हे खोटं नाही. एप्रिलमधली पाळी आली आणि मी फरशीवर गेले नाही. सोफ्यावर बसून चहा प्यायले. नवरा सारखा येऊन विचारायचा, “दुखतंय?” आणि मी म्हणायचे, “दुखतंय, पण बसता येतंय.” आनंद व्हायला हवा होता. पण मला भीतीच वाटली. इतकी वर्षं दुखणं माझ्या ओळखीचं होतं. हे बरं वाटणं अनोळखी होतं, आणि ते कधी निघून जाईल या धास्तीने मी पोटावर हात ठेवून बसायचे.

मे महिन्यात एका सकाळी काढ्याची वाटी तोंडाला लावली आणि मी थबकले. चव वेगळी होती. कडूच, पण मागून एक ओळखीचा तुरटपणा आणि जुन्या कपाटाचा येतो तसा वास. आमच्या गावच्या वैद्यबुवांच्या पुडीचा वास. ते गेले, आता त्यांचा मुलगा पुड्या देतो. माझ्या मावशीला, मामेबहिणीला, शेजारच्या सुनेला, सगळ्यांना मूल व्हायला त्याच पुडीने ‘गुण आला’ अशी आमच्या घरातली पक्की समजूत. आईने तिसऱ्या वेळच्या अपयशानंतर फोनवर पुडीचा विषय काढला होता तेव्हा मी तिला झापलं होतं. “आई, प्लीज. त्यात काय असतं ते देवाला तरी माहीत आहे का?” ती गप्प बसली होती. आणि बॅगेत घालून घेऊन आली होती.

मी वाटीवरून तिच्याकडे पाहिलं. ती ओट्याकडे तोंड करून कोथिंबीर निवडत होती. एकेक पान.

मी वाटी रिकामी केली, गूळ खाल्ला आणि कामाला बसले. हे मला नीट सांगायचं आहे, कारण नंतर कित्येक महिने ते मी घरात कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मी रोज प्यायले, कारण मी मनात म्हटलं, असू दे. सुया असू देत, चिनी काढा असू दे, पुडी असू दे, क्लिनिकच्या गोळ्या असू देत. एकच गर्भ उरलाय, कशाने टिकेल काय माहीत, मग काहीच सोडायला नको. भिणारं माणूस असंच वागतं. डॉक्टरीणबाईंनी मधे एकदा पुन्हा विचारलं, “दुसरं काही?” आणि मी पुन्हा मान हलवली, या वेळी आडवी.

जूनच्या सुरुवातीला अंगाला खाज सुटली. आधी तळपायांना, मग सगळीकडे. वाटलं, एसीची कोरडी हवा. मग भूक गेली. आईने कौतुकाने केलेल्या थालीपिठाच्या नुसत्या वासाने मळमळलं, आणि तिने माझ्या नवऱ्याकडे अशा आशेने पाहिलं की माझा संताप झाला. “आई, ट्रान्सफर व्हायचंय अजून! कुठून राहीन मी?” लघवी चहासारखी होत होती. तेही मी मनातल्या मनात पाणी कमी पितेय असं म्हणून उडवून लावलं. ट्रान्सफर दोन आठवड्यांवर आली होती, आणि मला कुणाच्या तोंडून काहीही वाईट ऐकायचं नव्हतं.

त्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी मनगटावर बोटं ठेवली आणि डोळे मिटलेच नाहीत. मला खिडकीपाशी नेलं, खालची पापणी ओढून डोळा पाहिला. मग ट्रेमधल्या सुया तशाच ठेवल्या आणि झाकण लावलं. “आज नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय खाताय?” मी म्हटलं, “नथिंग.” त्यांनी टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला. “माझा काढा आजपासून बंद. आत्ता क्लिनिकला फोन करा. इथूनच करा. लिव्हरची टेस्ट करायला सांगा, आजच.” मी तिथूनच नंबर लावला. काळजात धस्स होतं म्हणतात ना, ते एकदा होऊन थांबत नाही, दिवसभर होत राहतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिनिकचा फोन आला. लिव्हरचे आकडे भलतेच वाढले होते. ट्रान्सफर कॅन्सल. सगळी औषधं बंद, उद्याच्या उद्या भेटा, आणि घरात जे जे घेत असाल ते ते घेऊन या. नवऱ्याने फोन स्पीकरवर ठेवला होता. डॉक्टरांनी विचारलं, “एनी हर्बल प्रॉडक्ट्स?” आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

फोन ठेवल्यावर आई आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात हळदीचा डबा होता. त्यात हळद नव्हती, वर्तमानपत्राच्या चिटोऱ्यांत बांधलेल्या पुड्या होत्या. तिने डबा टेबलावर ठेवला. “चिमूटभरच घालत होते,” ती म्हणाली. “त्याच पातेल्यात. वाटलं, दोन्ही झाडपालाच. हिला काही ठाऊक नव्हतं हो. माझंच डोकं फिरलं होतं.”

माझ्या नवऱ्याने आठ वर्षांत माझ्या आईपुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही, पण इतकंच म्हणाला, “आई, एकच राहिलाय. तुम्हाला माहीत होतं.” आणि गॅरेजमध्ये निघून गेला. आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. मी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. त्याऐवजी मी काय बोलले सांगू? “का केलंस गं असं?” म्हणाले. वर रडले. इतकं खरंखुरं रडले की मलाच ते पटलं.

क्लिनिकच्या डॉक्टरांनी पुड्या पाहिल्या, चिनी पिशव्या पाहिल्या, गोळ्यांची यादी पाहिली. नेमकं कशामुळे झालं ते सांगता येणार नाही, म्हणाले. पुडीमुळे, काढ्यामुळे, हॉर्मोनच्या गोळ्यांमुळे, सगळं एकत्र झाल्यामुळे, काहीही असेल. वेळेत थांबलात हे नशीब. “यू शुड हॅव टोल्ड अस,” एवढं मात्र ते दोनदा म्हणाले. मग मी डॉक्टरीणबाईंकडे गेले, निदान त्यांना तरी खरं सांगावं म्हणून. त्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं. “मी दोनदा विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. लिव्हर सुधारल्यावर हवं तर दुखण्यासाठी फक्त सुया लावेन, काढा आता कधीच नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पुढचे दोन महिने दर आठवड्याला रक्त. नर्स नळ्या भरायची आणि मी भिंतीवरच्या आगीच्या वेळी बाहेर पडायच्या नकाशाकडे पाहत बसायचे. रोज सकाळी उठून पहिलं काम म्हणजे आरशापुढे डोळे ताणून पांढरे आहेत की पिवळे ते बघायचं. लिव्हर निकामी झालं तर काय होतं, ते मी इंटरनेटवर इतकं वाचलं की नवऱ्याने फोन काढून घेतला. दुखणं परत आलं, पूर्वीसारखंच, आणि मी परत फरशीवर. आई दाराबाहेर बसून राहायची. आत यायची नाही. हाक मारली तरच यायची, आणि आली तरी विचारायची, “गरम पाण्याची पिशवी देऊ का? चालेल ना?” स्वतःच्या मुलीला पाणी द्यायला ती परवानगी मागायला लागली होती. जेवणात हिंग घालतानाही विचारायची. तेव्हाही मी बोलले नाही. सांगितलं तर नवरा काय म्हणेल याची भीती, आणि त्याहून मोठी भीती अशी की दोष माझा ठरला तर मी मोडेन आणि ट्रान्सफरला उभीच राहू शकणार नाही. ट्रान्सफर होऊन जाऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला बजावलं.

ऑगस्टच्या शेवटी आई ठरल्याआधीच परत गेली. डेट्रॉईटच्या एअरपोर्टवर व्हीलचेअर ढकलणारा माणूस तिला घेऊन निघाला तेव्हा तिने वळून नवऱ्यापुढे हात जोडले. जावयापुढे. तो ओशाळला, पुढे झाला आणि वाकून तिच्या पाया पडला. मी तिथेच पर्समध्ये उगाच पासपोर्ट शोधत राहिले. प्रवास तिचा होता, माझा नव्हता.

ऑक्टोबरमध्ये लिव्हरचे आकडे ठीक झाले आणि ट्रान्सफर झाली. स्क्रीनवर एक पांढरा ठिपका दिसला, तो आत गेला. मग अकरा दिवस मी कशी जगले ते विचारू नका. जिना उतरताना कठडा धरायचे, खोकायचं झालं तरी हळू खोकायचे. आई रोज फोन करायची, आणि रोज फक्त हवा कशी आहे ते विचारायची.

बाराव्या दिवशी दुपारी नर्सचा फोन आला. तिच्या ‘हाय’वरूनच कळलं. नवरा ऑफिसातून निघून घरी आला, आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो.  मग मी त्याला सगळं सांगितलं. वास ओळखल्याचं, मान हलवल्याचं, सगळं. माझ्या खांद्यावरचा हात त्याने काढला नाही, पण बराच वेळ तो हात नुसताच तिथे होता. “आईंना सांग,” एवढंच म्हणाला. तिकडे तेव्हा रात्र झाली होती, म्हणून सकाळपर्यंत थांबले.

सकाळी सात वाजता फोन लावला. तिकडे दुपार टळली होती. तिने उचलला आणि माझा श्वास ऐकूनच तिला कळलं. “नाही ना?” ती म्हणाली. मी नाही म्हटलं. पलीकडून एक बारीक आवाज आला, कुणी तोंडात पदर कोंबल्यासारखा. मग ती म्हणाली, “माझ्या हाताने झालं गं.”

 सुयांना भ्यायले, रिपोर्टांना भ्यायले, पण आयुष्यात कधी इतकी घाबरले नव्हते. मी म्हटलं, “आई, ऐक. मला माहीत होतं. पहिल्या दिवशीच वास आला होता मला. मी मुद्दाम पीत राहिले. सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकललं. तुझ्या हाताने नाही झालं.”

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

“ठाऊक होतं मला,” ती म्हणाली. “पहिल्याच घोटाला थांबली होतीस. पाठमोरी असले तरी कळतं की गं. म्हणून तर रोज घालत राहिले. म्हटलं, पोरीला हवंय.”

 तिने नाक पुसलं आणि विचारलं, “जावयांना सांगितलंस?”

“हो.”

“कशाला सांगितलंस,” आई म्हणाली. “माझं काय, मी इतक्या लांब असते. तुला त्या घरात राहायचंय.”